बावीस रेघांची दुरुस्ती

नकाशा विभागातल्या बाईंना ऑफिसात सगळे पट्टीताई म्हणायचे. कॉम्प्युटर येऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्या हातातली पारदर्शक पट्टी सुटली नव्हती. चहा ढवळायला, पाठ खाजवायला, उंचावरचं पंख्याचं बटण दाबायला तीच. समोरच्याचं म्हणणं पटलं नाही की त्या पट्टी टेबलावर आडवी ठेवायच्या, मग समजून घ्यायचं की आता वाद संपला. हल्ली मात्र वाद घालायलाच त्यांच्या जिवावर यायचं. निवृत्तीला सात महिने उरले होते. गुडघे जिन्याशी भांडत होते, डोळ्यांवर दोन चष्मे आलटून पालटून चढत होते, आणि घरी नवऱ्याची पाठ होती.

नवरा बंदरात क्रेन चालवायचा. तीस वर्षं उंच केबिनमध्ये खाली मान घालून बसल्यामुळे पाठीचे मणके कुरकुरायला लागले आणि डॉक्टरांनी त्याला दोन वर्षं आधीच घरी बसवलं. आता तो सकाळी भिंतीला धरून उभा राहायचा आणि ताई त्याचे मोजे चढवून मगच बाहेर पडायच्या. स्वयंपाक मात्र त्यानं अंगावर घेतला होता. "क्रेनवर बसून कुणाच्या डोक्यावर काही पाडलं नाही, भाजी काय करपवणार," असं म्हणायचा आणि आठवड्यातून दोनदा करपवायचा.

ताईंचं काम असं की ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत जांभई यावी. किनाऱ्याजवळच्या समुद्रात पाहणीचं जहाज शेतात नांगर फिरावा तसं जायचं, एक रेघ आत, एक रेघ बाहेर. दर काही सेकंदांनी पाण्यात एक दणका सोडायचं. तो आवाज समुद्राच्या तळात शिरायचा, खालच्या थरांवर आपटून परत यायचा आणि जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या लांब केबलमधली यंत्रं तो टिपायची. त्यावरून शास्त्रज्ञांना तळाखालचे थर दिसायचे आणि जमिनीला कुठे भेग आहे ते कळायचं. पण आवाज नेमका कुठून परत आला हे ठाऊक नसेल तर सगळं मुसळ केरात. ते 'कुठून' सांगणं म्हणजे ताईंची नोकरी. जहाज कोणत्या क्षणी कुठे होतं याच्या नोंदी घ्यायच्या, हिशेब करून नकाशावर बिंदू मांडायचे, बिंदू जोडून रेघ ओढायची आणि कोपऱ्यात 'आखणी' या शब्दापुढे आपली आद्याक्षरं घालायची.

त्या वर्षी किनाऱ्यावर नवी लाटबंदी बांधायचं ठरलं होतं. दगडाची लांब भिंत समुद्रात जाणार, तेव्हा तळाखालच्या भेगेचा नकाशा पुन्हा नीट बघा, असं इंजिनिअर मंडळींनी कळवलं. नकाशा सव्वीस वर्षांपूर्वीचा, बावीस रेघांचा. नव्या जहाजानं पडताळा म्हणून त्यातल्या दोन जुन्या रेघांवरून पुन्हा फेरी मारली, सातव्या आणि आठव्या. विभागाचे प्रमुख ताईंच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, नवं जुन्यावर बसवून द्या. औपचारिकता आहे."

ताईंनी सकाळी सातवी रेघ बसवली. भेग जुळली नाही. नव्या फेरीत ती जुन्या जागेपेक्षा किनाऱ्याच्या बाजूला सरकली होती. त्यांनी पट्टी लावली. नकाशावर नऊ मिलिमीटरला जरासं कमी, समुद्रात दोनशे वीस मीटर. जुन्या काळी जहाजाची जागा इतकी अचूक कुठे कळायची, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि आठवी बसवली. तिथेही भेग हलली होती, तितकीच, पण उलट बाजूला, समुद्राकडे.

जुन्या यंत्रांच्या चुका असत्या तर कुठे पाच मिलिमीटर, कुठे बारा, कशाही वेड्यावाकड्या निघाल्या असत्या. इकडे नऊ, तिकडे नऊ, असं मोजूनमापून कुणी चुकत नाही. त्यांनी कपाटातून जहाजाची जुनी नोंदवही काढली. सातव्या रेघेसमोर बाण होता समुद्राकडे. आठव्यासमोर बाण किनाऱ्याकडे. विषम रेघा जाताना, सम रेघा येताना.

जहाजाची जागा टिपणारी अँटेना डोलकाठीवर असते. आवाज सोडणारं आणि ऐकणारं यंत्र पाण्यात मागे, त्या जहाजाच्या बाबतीत एकशे दहा मीटर मागे. म्हणजे अँटेनाच्या जागेतून एकशे दहा मीटर मागे यायचं आणि मग बिंदू मांडायचा. सव्वीस वर्षांपूर्वी तो पुढे मांडला गेला होता. एकशे दहा मागे यायचे ते एकशे दहा पुढे गेले, मिळून दोनशे वीस. जहाज ज्या दिशेला चाललेलं, त्या दिशेला प्रत्येक रेघ पुढे सरकलेली. आणि किनाऱ्याला समांतर जाणारी भेग त्या रेघांवर एकदा इकडे, एकदा तिकडे दिसून करवतीच्या दात्यांसारखी झालेली.

कोपऱ्यात आद्याक्षरं ताईंचीच होती.

त्यांना तो दिवससुद्धा आठवला. नोकरी लागून तिसराच आठवडा. मास्तरांनी, म्हणजे त्या वेळच्या मुख्य आखणीकारांनी, हिशेबाची चिठ्ठी टेबलाला चिकटवून दिली होती: अँटेनाच्या जागेत एकशे दहा मिळवा. ताईंनी विचारलं होतं, "मास्तर, मिळवा की वजा करा?" मास्तर वरही न बघता म्हणाले होते, "मिळव. पुढे चल." मास्तरांच्या हाताखाली शिकायला मिळणं म्हणजे केवढी गोष्ट. त्या मूग गिळून बसल्या आणि बावीस रेघा मिळवत गेल्या.

याहून अवघड गोष्ट दुसरीच होती. सध्याच्या प्रमुखांची पीएचडी त्याच नकाशावर होती. भेग करवतीसारखी का दिसते, याचा त्यांनी पाच वर्षं अभ्यास करून निष्कर्ष काढला होता की मोठ्या भेगेला आडव्या छोट्या भेगांनी छेदून तिचे तुकडे केले आहेत. त्या आडव्या भेगा पुस्तकांत गेल्या होत्या. विद्यार्थी परीक्षेत त्यांची आकृती काढत होते.

संध्याकाळी ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जमिनीवर उताणा पडून पाठीचा व्यायाम करत होता.

"दोनशे वीस मीटर म्हणजे किती गं? आपल्या दारापासून दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत?"

"साधारण."

"मग ते फार झालं," तो म्हणाला. मग छताकडे बघतच म्हणाला, "सात महिने राहिलेत तुझे. एकानं आजवर विचारलं नाही. 'जुन्या नोंदी, अचूकता कमी' अशी ओळ टाक आणि सुट. तुझ्यात आता ताकद आहे का ते सगळं उपसायची?"

"नाही," ताई म्हणाल्या. ते खरंच होतं. ती ओळ त्यांनी मनात दोनदा लिहूनही पाहिली होती, अक्षर छान आलं होतं. त्यांनी नवऱ्याला हात देऊन उठवलं आणि दोघं जेवायला बसली. भाजी त्या दिवशी करपली नव्हती, पण ताईंना ते कळलंच नाही.

रविवारी त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तर आता एक्याऐंशीचे. तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहायचे. सुनेनं दार उघडलं, "बाबा, तुमच्या पट्टीताई आल्यात," असं आत ओरडून सांगितलं आणि हळूच म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला, मशीन कानात घालत नाहीत." मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. समोरच्या भिंतीवर तोच नकाशा काचेत मढवून लावलेला. निवृत्तीच्या वेळी ऑफिसनं दिला होता.

"ये पोरी," मास्तर म्हणाले. सत्तावन्नाव्या वर्षी ताईंना पोरी म्हणणारा एवढाच एक माणूस उरला होता.

इकडचं तिकडचं बोलून झालं. चहा झाला. शेवटी ताईंनी पिशवीतून सातव्या आणि आठव्या रेघेचे कागद काढले आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवले. मास्तरांनी भिंग घेतलं, बघितलं. भिंग फार लवकर खाली ठेवलं.

"मिळवायचे नव्हते," ते म्हणाले.

"तुम्हाला आत्ता कळलं?"

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. ती आत गेली.

"शीट छापून गेल्यावर तीन महिन्यांनी कळलं. केबल सांभाळणारा माणूस सहज येऊन बसला होता. बोलता बोलता म्हणाला, केबल एकशे दहा मागे असते. माझ्या डोक्यात लख्ख झालं. पण तेव्हाचे साहेब महिनाभरात निवृत्त होणार, नकाशे सगळीकडे वाटून झालेले, माझं नाव झालेलं. म्हटलं, कुणी विचारलं की सांगू." त्यांनी मांडीवरचे कागद सरळ केले. "कुणी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं, मास्तर," ताई म्हणाल्या. "मिळवा की वजा करा, असं मी विचारलं होतं."

मास्तरांना आठवत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं की ते शोधताहेत आणि सापडत नाहीये. ताईंना चिडायचं होतं. घरून निघताना रस्ताभर त्यांनी चार वाक्यं घोळवली होती. पण समोर सैल झालेला स्वेटर आणि बशीत सांडलेला चहा बघून ती वाक्यं ओठावर येऊन परत फिरली. त्यांनी कागद गोळा केले. जिना उतरताना कठड्याला धरून दोन वेळा थांबावं लागलं.

सोमवारी सकाळी त्या प्रमुखांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. प्रमुख पन्नाशीच्या आत-बाहेरचे, मऊ बोलणारे, जेवणाच्या डब्यालासुद्धा 'माफ करा' म्हणून झाकण लावतील असे. ताईंनी कागद पसरले आणि सरळ सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

प्रमुख ऐकत होते. मध्येच त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मास्तरांना, माझ्या नवऱ्याला आणि आता तुम्हाला."

ते उठून खिडकीपाशी गेले. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती घेऊन होईपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही जा. मी बोलावतो."

त्यांनी बोलावलं नाही. ताई जागेवर बसल्या, एक पत्र तीनदा वाचलं, डबा न उघडता परत पिशवीत ठेवला. आपण काय करून बसलो, असं त्यांना वाटत होतं. मग वाटलं, जे करायचं ते करून झालं, आता काय व्हायचं ते होवो. त्यातच बसल्या जागी त्यांना डुलकी लागली.

चारच्या सुमाराला टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. प्रमुख उभे होते. हातात त्यांचा जाडजूड प्रबंध, निळ्या कापडी बांधणीचा.

"आणखी एक रेघ माझ्यासमोर मांडा," ते म्हणाले. "हातानं. तिसरी घ्या, माझा सगळा युक्तिवाद तिथून सुरू होतो."

प्रमुख खुर्ची ओढून बसले आणि नोंदवहीतले आकडे वाचू लागले. ताई हिशेब करून बिंदू मांडत होत्या, या वेळी वजा करून. दोघांत मिळून दीड तास गेला. शेवटी तीन, सात आणि आठ या तिन्ही रेघांवरच्या भेगेच्या खुणांवर ताईंनी पट्टी ठेवली. पट्टीच्या कडेला तिन्ही खुणा ओळीत लागल्या. कुठे दाता नाही, कुठे वळण नाही.

प्रमुखांनी आपला प्रबंध बाजूला सारला.

"ताई, मी पाच वर्षं तुमच्या एका बेरजेवर घालवली."

"हो, सर."

"बरं झालं नुसतं हो म्हणालात. माफी मागितली असती तर मला रडू आलं असतं." ते थोडं हसले, पण चेहरा उतरला होता. "प्रबंधाचं मरू दे. खरी पंचाईत वेगळी आहे. तुकड्या-तुकड्यांची भेग असेल तर एका वेळी एखादाच तुकडा सरकतो, हादरा लहान. ही सलग निघाली. सलग भेग सरकली तर सगळी सरकेल. इंजिनिअरांनी भिंतीची ताकद माझ्या तुकड्यांवरून काढली आहे."

ताईंना ते रविवारीच सुचलं होतं. जिन्यात थांबल्या होत्या त्या त्यासाठीही.

काम सुरू झालं. जुन्या नोंदी कागदावरच होत्या, दर अर्ध्या मिनिटाला एक ओळ, बावीस रेघांच्या मिळून चार हजारांच्या आसपास. काही पानं समुद्राच्या पाण्यानं चिकटलेली, काहींवरची शाई उडालेली. आकडे कॉम्प्युटरला द्यायचे तर एकानं वाचायचे, दुसऱ्यानं भरायचे, पुन्हा उलटं वाचून ताडायचे. विभागात माणसं कमी. ताई एकट्याच पट्टी धरून ओळीमागून ओळ भरत होत्या. संध्याकाळी घरी गेल्या की आकडे डोळ्यांसमोरून मुंग्यांसारखे चालायचे. नाकी नऊ आले होते. सकाळी नवरा मोज्यांसाठी पाय पुढे करायचा तेव्हा त्या म्हणायच्या, "आज तुम्हीच वाका."

"वाकलो तर उठवायला क्रेन लागेल."

"मग अनवाणी राहा."

आणि तरी मोजे चढवायच्याच.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मास्तर आले. सून टॅक्सीनं घेऊन आली होती. आवाज चढवूनच म्हणाली, "तीन दिवस जेवण धड नाही. नकाशा भिंतीवरून काढा म्हणतात, काढला तर लावा म्हणतात. शेवटी म्हणाले, ऑफिसात ने. घ्या तुमचे तुम्ही. दुपारी एकला न्यायला येते." मास्तरांनी कानात मशीन घातलं होतं. खुर्चीत बसून त्यांनी ताईंसमोरची नोंदवही स्वतःकडे ओढली.

"वाचू का?"

"वाचा."

मास्तर वाचू लागले. म्हातारपणी आवाज चिरकला होता, पण वाचायची ढब तीच, आकडा, श्वास, आकडा. पुसट शाईतलं सात आणि एक त्यांना बरोबर कळायचं, कारण नोंदी करणाऱ्या खलाशाचं अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. जिथे ताई भिंग घेऊन पाच मिनिटं अडायच्या तिथे ते सहज म्हणायचे, "हा सातच. तो सातला शेपूट द्यायचा." सकाळभरात दीड रेघ झाली. दोघांत त्या गोष्टीवर एक शब्द झाला नाही.

असे ते अकरा दिवस आले. बाराव्या दिवशी सुनेचा फोन आला की आता झेपत नाही, झोपून आहेत. तोवर अठरा रेघा झाल्या होत्या. उरलेल्या चार ताईंनी आणि प्रमुखांनी मिळून संपवल्या.

मास्तर येत होते त्यातल्या शेवटच्या दिवसांत, नव्या शीटबरोबर द्यायचं टिपण ताईंनी लिहून काढलं होतं: चूक कशी झाली, किती झाली, कशी दुरुस्त केली. चुकीचं कारण म्हणून त्यांनी 'कार्यालयीन गफलत' असे शब्द घातले होते. मास्तर अकराव्या दिवशी निघायच्या आधी ते टिपण वाचत बसले होते. त्यांनी पेन मागितलं, ते दोन शब्द खोडले आणि थरथरत्या, पण स्वच्छ अक्षरात लिहिलं की हिशेबाची सूचना मी दिली, चूक मला तीन महिन्यांत कळली आणि मी ती कळवली नाही. खाली पूर्ण सही केली.

"मास्तर, एवढं लिहायची गरज नाही," ताई म्हणाल्या.

"तुझं काय लिहायचं ते तू लिही. माझं मी लिहिलं."

ताईंनी खाली स्वतःची एक ओळ लिहिली, की आखणी करताना मला शंका आली होती, ती मी एकदाच विचारली आणि पडताळली नाही. लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. बोटं दुखत होती.

पुढच्या महिन्यात मोठी बैठक झाली. इंजिनिअरांपैकी एकजण ताईंकडे बोट दाखवून म्हणाला, "सव्वीस वर्षं तुम्ही झोपा काढत होतात का?" ताईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. प्रमुखांनी मात्र उठून शांतपणे सांगितलं की झोपेत आपण सगळेच होतो, मी तर झोपेत प्रबंध लिहिला. दोन-चार जण हसले आणि बैठक पुढे सरकली. लाटबंदीचा आराखडा परत गेला, वर्षभर लांबला. पाया रुंद झाला आणि भिंतीचं टोक वळवावं लागलं. प्रमुखांनी स्वतःच्या आडव्या भेगा रद्द करणारा दोन पानांचा लेख लिहून छापायला पाठवला. काही दिवस ते डबा एकटेच खात होते, मग परत सगळ्यांत येऊन बसायला लागले.

मास्तर पावणेदोन महिन्यांनी गेले. ताई भेटायला गेल्या तेव्हा सुनेनं त्यांचा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "शेवटचे दिवस मात्र जेवत होते हो नीट." भिंतीवर नकाशाच्या जागी रंग न उडालेला चौकोन होता. नकाशा कुठे गेला, ते ताईंनी विचारलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. कुणीतरी म्हणालं की ताईंनी आयुष्यभर रेघ सरळ ठेवली. ताईंना हसू आलं, पण हसायलाही कंटाळा आला होता. दुपारी तीनला त्या घरी पोचल्या, चपला काढल्या आणि तशाच कॉटवर आडव्या झाल्या. नवऱ्यानं विचारलं, "चहा टाकू?" उत्तर यायच्या आत त्या झोपल्या होत्या.

पुढचे चार दिवस त्यांनी झोपच काढली. पाचव्या दिवशी ऑफिसातून फोन आला. एकोणिसाव्या रेघेची मूळ नोंदवही सापडत नव्हती.

"खिडकीकडचं कपाट, खालचा कप्पा, हिरव्या दोरीनं बांधलेला गठ्ठा," ताई पडल्या पडल्या म्हणाल्या. "आणि शेवटचं पान चिकटलंय, ओढू नका, फाटेल."

फोन ठेवून त्यांनी कूस बदलली. आतून करपल्याचा वास येत होता आणि नवरा खिडकी उघडत होता.